उरला गालिचा आणि घाटाखालचा पाऊस

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत गालिचा ही वस्तू मुळात परकी. येथील जुन्या घराची जमीन शेणाने सारवलेली, पुढे कोब्याची किंवा शहाबादी फरशीची. बसायला पाट नाहीतर चटई, पाहुण्यांसाठी फार तर सोलापुरी सतरंजी आणि अंथरायला-पांघरायला गोधडी. लग्नकार्यात जाजम येई, तेही गावकीचे किंवा भाड्याचे, आणि कार्य उरकले की झटकून परत जाई. गेल्या दोन-तीन दशकांत हे चित्र पालटले. मुंबई आणि पुणे यांच्या मधल्या या पट्ट्यात नेरळपासून खोपोलीपर्यंत शेतघरे, सेकंड होम, रिसॉर्ट आणि लग्नाची लॉन उभी राहिली. त्यांच्यामागोमाग भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवायचे गालिचे आले आणि मांडवात अंथरायचे लाल-हिरवे कार्पेटही आले.

गालिचा बसवला की त्याचे काप उरतातच. मांडवातले स्वस्त कार्पेट एक-दोन कार्यांतच कळकट होते आणि बाजूला पडते. हे तुकडे काही दिवस मालकाच्या गॅरेजमध्ये राहतात, तेथून राखणदाराच्या घरी जातात, त्याच्याकडून वाडीवर आणि अखेरीस ओढ्याच्या काठी किंवा चुलीत. या प्रवासात मधेच कोठेतरी त्यांचा चांगला उपयोग होऊ शकतो. मात्र त्यासाठी पुस्तकांतून आणि पुरवण्यांतून येणाऱ्या युक्त्या जशाच्या तशा उचलून चालत नाही. त्यांतील बहुतेक युक्त्या कोरड्या किंवा थंड मुलखात सुचलेल्या आहेत. कर्जतला वर्षाकाठी ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, डोक्यावरच्या माथेरानला ५ हजारांच्या आसपास, आणि हे सारे जवळपास चार महिन्यांत. जून ते सप्टेंबर या काळात भिंतीला पाझर असतो, कपाटातले कपडे कुबट होतात, चपलांना बुरशी येते. अशा घरात गालिच्याचा तुकडा कोठे ठेवायचा याचा निर्णय सौंदर्यदृष्टीपेक्षा ओलच अधिक करते.

आधी धागा ओळखावा

तुकडा हाती आल्यावर पहिला प्रश्न रंगाचा नसून धाग्याचा असावा. बाजारातील गालिचे प्रामुख्याने लोकर, ताग, सूत, नायलॉन, पॉलिस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन यांचे असतात. मांडवातले कार्पेट विणलेले नसते. कृत्रिम तंतू सुयांनी टोचून नमद्यासारखे एकजीव केलेले असतात. पॉलिस्टर तर या भागाला नवे नाही. खालापूर तालुक्यातील पाताळगंगा-रसायनी पट्ट्यात रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. एकेकाळी भात आणि नाचणीपुरत्या ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातील अनेक घरांची चूल त्यानंतर कृत्रिम धाग्यावर आणि रसायनांवर पेटू लागली.

धागा ओळखण्याची एक सोपी रीत पाण्याची आहे. पेल्यात पाणी घेऊन त्यात साबणाचा एक थेंब टाकावा, तुकड्यातून उपसलेल्या धाग्यांचा पुंजका त्यात बोटांनी दाबून हवा काढून टाकावी आणि सोडावा. तो वर आला तर पॉलिप्रॉपिलीन, कारण हा धागा पाण्यापेक्षा हलका असतो. बुडाला तर नायलॉन, पॉलिस्टर, लोकर, ताग किंवा सूत यांपैकी काहीतरी. पुढचा निवाडा ज्योतीवर होतो. एकच धागा चिमट्यात धरून, खाली स्टीलची थाळी ठेवून, उघड्या दारापाशी पेटवून पाहावा. केस जळाल्याचा वास येऊन काळी, सहज चुरडणारी राख उरली तर लोकर. कागद जळाल्याचा वास आणि भुरभुरीत राख असेल तर सूत किंवा ताग. आणि वितळून टोकाला कडक मणी झाला तर धागा कृत्रिम. हा प्रयोग एका धाग्यापुरताच करावा, तुकडा पेटवून पाहू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यावरच पुढचे सारे ठरते. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाणी पीत नाही, त्यामुळे पावसाळ्यात लवकर वाळतो. लोकर पुष्कळ ओल पोटात घेते आणि तरीही हाताला कोरडी लागते. म्हणूनच तिला कुबटपणा आणि कसर लागल्याचे उशिरा कळते. तागाचे अस्तर ओलीने कुजते, आणि वाळवीलाही ते प्रिय. उष्णतेचे गणित वेगळेच. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते, सर्रास वापरले जाणारे नायलॉन २२० च्या आसपास, पॉलिस्टर २५५ ते २६० अंशांना. भाकरीचा तवा चुलीवरून उतरतो तेव्हा २०० अंशांच्या वर सहज असतो. कृत्रिम गालिच्याचा तुकडा तव्याखाली ठेवला तर तो तव्याला चिकटतो आणि हाताला लागला तर कातडीलाही. भांड्याखाली ठेवायला लोकरीचा किंवा सुती तुकडाच घ्यावा. तो नसेल तर स्वयंपाकघरातली चुंबळ काही वाईट नाही.

तुकडा उलटून त्याची पाठही पाहावी. यंत्रावर तयार झालेल्या बहुतेक गालिच्यांत धाग्याचे फास मागून रबरी लेपाने चिकटवलेले असतात. अंगठा घासल्यावर पांढरी भुकटी सुटली तर तो लेप मेला असे समजावे. असा तुकडा स्वयंपाकघरात किंवा रांगत्या मुलांच्या खोलीत ठेवू नये. भदोही-मिर्झापूरकडच्या हाताने गाठी मारलेल्या गालिच्याला असा लेप सहसा नसतो, पण तो कापला की कडेच्या गाठी सुटू लागतात. म्हणून कोणताही तुकडा कापण्यापूर्वी कड कशी बांधायची ते ठरवावे. कापताना मागच्या बाजूने, लोखंडी पट्टी धरून, धारदार कटरने कापावे. कात्रीने पुढून कापल्यास लव वेडीवाकडी छाटली जाते.

बस्कर आणि पंगतीच्या पट्ट्या

उरलेल्या गालिच्याचा या भागातला सर्वांत रास्त उपयोग म्हणजे बस्कर. मराठी घरात बसण्याची रीत खुर्चीमुळे मागे पडली असली तरी ती संपलेली नाही. भजनी मंडळे, हरिनाम सप्ताह, अंगणवाड्या, गणपतीतली आरती आणि विळीवर भाजी चिरणाऱ्या घरच्या बायका, सगळी बैठक जमिनीवरचीच. शहाबादी फरशी डिसेंबर-जानेवारीत पहाटे बर्फासारखी लागते. वयस्क माणसांना तिच्यावर तासभर बसणे कठीण जाते.

गालिच्याची गुंडाळी साधारण १२ फूट किंवा ४ मीटर रुंदीची असते. खोली १० फूट रुंद आणि १४ फूट लांब असेल तर १२ फुटी गुंडाळीतून २ फूट रुंदीची १४ फूट लांब पट्टी उरते. तिच्यातून १८ इंच चौरसाची ९ बस्करे निघतात आणि शिवाय ६ इंचांची लांब चिरफळी शिल्लक राहते. नऊ बस्करे म्हणजे एका लहान भजनी मंडळाची सोय. तीच पट्टी आडवी न कापता १८ इंच रुंदीची अखंड ठेवली तर शाळेत असते तशी बसकर पट्टी होते. पंगतीला तिच्यावर सात-आठ माणसे मांडी घालून बसतात. मांडवाचे कार्पेट यासाठी विशेष सोयीचे, कारण ते पातळ असते, सहज गुंडाळता येते आणि त्यातून लांबच लांब पट्ट्या निघतात. एकेरी पट्टी मात्र बोचते आणि लवकर विरते. दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून शिवाव्यात.

शिवणाची विद्या घरातच आहे. गोधडी शिवणाऱ्या हाताला हे काम शिकवावे लागत नाही. जुन्या साड्या, धोतरे, चादरी थरावर थर लावून आडव्या-उभ्या धावदोऱ्याने एक करायच्या, हीच पद्धत येथेही लागू पडते. फरक एवढाच की गालिच्याला साधी सुई पुरत नाही, दाभण लागते. वर सुती कापडाचा थर घेतला तर घाम आणि धूळ गालिच्यात न मुरता कापडावर राहते आणि धुण्याचे काम हलके होते. कडेला नवार दुमडून शिवावी. बाजेची जुनी नवार अनेक घरांच्या माळ्यावर पडून असते. तिच्याइतका टिकाऊ आणि धुता येणारा काठ विकत मिळणे अवघड. नुसत्या पांढऱ्या फेविकॉलवर भिस्त ठेवू नये, पहिल्याच पावसाळ्यात तो भिजून सुटतो. चिकटवायचेच असेल तर रबरी द्रावण वापरावे, आणि तेही दारे-खिडक्या उघड्या ठेवून.

अंगणवाडीला किंवा वाडीवरच्या घरांना हे तुकडे देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मांडवात तुडवलेले कार्पेट गुंडाळून जीपमध्ये टाकणे आणि वाडीवर उतरवणे म्हणजे दान नव्हे, तो कचरा उचलण्याचा खर्च दुसऱ्यावर ढकलणे होय. त्यातली धूळ काठीने झोडून काढावी, साबणाच्या पाण्याने धुवावे, दोन कडक उन्हे दाखवावीत, कड बांधावी आणि मग द्यावे. लहान मुले सुटे धागे तोंडात घालतात, म्हणून न बांधलेला तुकडा त्यांच्यासाठी देऊच नये. शिवाय ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर अजूनही सारवलेल्या जमिनीची घरे आहेत. अशी जमीन श्वास घेते. तिच्यातली ओल वर येऊन उडून जाते. तिच्यावर रबरी पाठीचा तुकडा कायमचा अंथरला तर ती ओल खाली कोंडते, सारवण पोपडे धरते आणि चार दिवसांत कुबट वास सुटतो. तेथे बस्करच बरे; बसताना घ्यावे, उठताना खुंटीला लावावे.

चिरफळ्यांचे काय

६ इंची चिरफळ्या आणि तळहाताएवढे काप यांचेही उपयोग आहेत, पण ते निवडून घ्यावेत. लाकडी टेबल-खुर्च्यांच्या पायांना लव खालच्या बाजूस ठेवून गोल काप चिकटवले तर फरशीवर ओरखडे पडत नाहीत आणि सरकवणे सोपे जाते. जड पलंग हलवतानाही पायाखाली तात्पुरते काप सरकवावेत. लोखंडी कपाटाच्या पायाखाली मात्र ते कायमचे ठेवू नयेत. फरशी पुसताना पाणी त्यांत मुरते, पावसाळ्यात ते वाळत नाही आणि कपाट खालून गंजू लागते.

मिक्सरचा खडखडाट कमी करण्यासाठी त्याच्याखाली गालिच्याचा चौकोन ठेवण्याची सूचना सर्वत्र आढळते. ती अर्धीच बरोबर आहे. बहुतेक मिक्सरच्या मोटारीला हवा खेळण्यासाठी तळाशीच छिद्रे असतात. मऊ चौकोनावर मिक्सर बसला की ती बुजतात आणि मोटार तापते. म्हणून अख्खा चौकोन न ठेवता, चार पायांखाली रबरी पाठीचे चार लहान काप ठेवावेत. घरघंटीखाली आणि शिवणयंत्राखालीही हेच करावे.

शिडीच्या वरच्या दोन टोकांना गालिचा गुंडाळून सुतळीने आवळला तर भिंतीचा रंग खरवडत नाही. खालच्या टोकांना मात्र तो बांधू नये, शिडी घसरेल. हत्यारांच्या पेटीत, गाडीच्या डिकीत, ट्रंकेच्या तळाला पातळ काप घालावेत. बागकामाला गुडघ्याखाली घ्यायला दुहेरी शिवलेली गादी चांगली. प्लायवूडच्या फळीवर जाड लवेचे तुकडे चिकटवून टाचणफलक करता येतो. मांजरासाठी लाकडी खांबाला गालिचा उलटा, म्हणजे खरखरीत पाठ बाहेर ठेवून गुंडाळला की सोफ्याची सुटका होते. कुत्र्याचे अंथरूण करायचे तर आठवड्याला ऊन दाखवण्याची तयारी हवी, नाहीतर पिसवा आणि गोचिडांची वस्ती ठरलेली.

आवाज अडवण्याच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. कर्जत स्थानकाच्या आसपासच्या घरांना घाट चढणाऱ्या गाड्यांचा आणि त्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनांचा आवाज पाठ झालेला असतो. भिंतीवर गालिचा लावल्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बोलणे स्वच्छ ऐकू येते. बाहेरून येणारी इंजिनाची घरघर मात्र त्याने थांबत नाही. त्यातून ती भिंत पावसाच्या झोताची असेल तर गालिच्यामागे बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाला ती भलतीच महाग पडते. आतली, कोरडी भिंत असेल तरच हा विचार करावा.

पायपुसण्याचे गणित थोडे निराळे. भातखाचरातून येणाऱ्या चिखलाच्या पायांना दाराबाहेर काथ्याचे पायपुसणेच हवे, गालिचा तेथे दोन दिवसांत लगदा होतो. दाराच्या आत मात्र पॉलिप्रॉपिलीनचे तुकडे उत्तम. ते एकाच वेळी तीन करावेत: एक दारात, एक धुण्यात आणि एक वाळत. पावसाळ्यात हा फेर चुकला तर ओल्या पायपुसण्यावर पाय पुसून घरात ओल आणली जाते. गुळगुळीत फरशीवर कोणताही सुटा तुकडा रबरी जाळीशिवाय टाकू नये. पायऱ्यांवर तर अजिबात नको. म्हाताऱ्या माणसांचे खुबे मोडण्यास एवढे निमित्त पुरते.

आगोटीपूर्वी

घाटाखालच्या गृहिणीची आगोट म्हणजे पावसाची बेगमी. तिखट-मसाले, सुकी मासळी, सरपण आणि पापड. गालिच्याच्या तुकड्यांचा हिशेबही याच वेळी करावा. मृग लागण्यापूर्वी सगळे तुकडे उन्हात घालून, झटकून, त्यांतील लोकरीचे आणि तागाचे वेगळे काढावेत. ते पूर्ण वाळल्यावर जुन्या चादरीत गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर टाकावेत. ओलसर तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधणे ही हमखास बुरशी पिकवण्याची रीत आहे. वापरात फक्त पॉलिप्रॉपिलीन ठेवावे. एखादा तुकडा भिजलाच तर २४ ते ४८ तासांच्या आत तो खडखडीत वाळला पाहिजे. श्रावणात ते जमणार नसेल तर पंख्याखाली टांगावा.

पुराचे पाणी शिरलेले तुकडे वाचवण्याचा मोह टाळावा. २४ जुलै १९८९ रोजी पाताळगंगेचे पाणी याच पट्ट्यातील कारखान्यांत घुसले होते. २६ जुलै २००५ रोजी उल्हासने काठ सोडला तेव्हा अनेक घरांत चिखल साचला. अशा पाण्यात गटारे, गोठे आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. लेप्टोस्पायरोसिसचा धोका पाहता तो गालिचा हातमोजे घालून बाहेर काढावा आणि परत घरात आणू नये.

आणखी एक धोका पडवीत पडून असलेल्या गुंडाळ्यांचा. ऊबदार, काळोखी आणि कोरडी जागा विंचवालाही हवी असते, मण्यारीलाही. रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि कोकणातील मृत्यूंचे प्रमाण कमालीचे घटले. पण उपचार आहेत म्हणून घरात विंचवाला बिऱ्हाड करून द्यावे असे नाही. गालिच्याचे तुकडे जमिनीवर रचून ठेवू नयेत, दोरीवर किंवा खुंटीवर टांगावेत. उचलण्यापूर्वी काठीने हलवावेत, आत हात घालू नये. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. म्हणून अशा ढिगाशेजारी अंथरूण घालणे धोक्याचे. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

शेतघरांत तण दाबण्यासाठी झाडांच्या आळ्यात जुना गालिचा पसरण्याची पद्धतही अलीकडे दिसते. तागाचे किंवा सुताचे, रंग न सोडणारे कापड असेल तर ते कुजून मातीत जाते. कृत्रिम गालिचा मात्र कुजत नाही. उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात आणि पहिल्या मुसळधार पावसात ओढ्याला लागतात. कर्जतचे ओढे उल्हासला मिळतात आणि उल्हासचे पाणी पुढे बदलापूरच्या बंधाऱ्यावरून लोकांच्या नळाला जाते. आळ्यात भाताचा पेंढा घालावा. तो या दोन तालुक्यांत कमी पडण्याजोगा नाही.

राहिला प्रश्न चुलीचा. आंघोळीच्या पाण्याचा बंब किंवा चूल पेटवताना हाताशी असेल ती चिंधी घालण्याची सवय जुनी आहे, आणि सुती चिंधीच्या काळात ती फारशी घातक नव्हती. गालिच्याचा तुकडा त्या जागी गेला की गोष्ट बदलते. पीव्हीसी पाठीच्या तुकड्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तर नायलॉन आणि लोकर कोंडलेल्या आगीत जळताना हायड्रोजन सायनाइड. चुलीपुढे बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल हा धूर सर्वांत जवळून घेतात. अंगणात ढीग करून जाळणेही तितकेच वाईट. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंडाचा आदेश दिला होता.

ज्या तुकड्यातून बस्कर निघत नाही, काप निघत नाही आणि ज्याची पाठ भुकटी झाली आहे, तो कोरड्या कचऱ्यात द्यावा. ओला असेल तर आधी वाळवावा. खोलीला गालिचा बसवून घेणाऱ्यांनी कामाचा दर ठरवतानाच उरलेल्या कापांचे बोलून घ्यावे: १८ इंचांहून रुंद पट्ट्या घरात ठेवायच्या, बाकीचे तुकडे आणि सांडलेला धागा ठेकेदाराने त्याच टेम्पोतून परत न्यायचा. लग्नाच्या लॉनवर मांडववाल्याशी बोलतानाही हाच मजकूर कागदावर यावा, आणि शेवटचा हप्ता मैदान मोकळे झाल्याचे पाहून मगच द्यावा.